धाराशिवची लांबी

'धाराशिव' या नावात अक्षरं किती? तुळजापुरातलं दुसरीचं पोर बोटांवर मोजून सांगेल, चार. धा, रा, शि, व. हाच प्रश्न संगणकाला विचारला की करमणूक सुरू होते. पीएचपी नावाची एक जुनी भाषा असंख्य वेबसाइटींच्या पोटात आजही चालते. तिच्यात लांबी मोजायची तीन वेगवेगळी फंक्शनं आहेत. पहिलं सांगतं २१, दुसरं ७ आणि तिसरं ४. पायथनला विचारा, ७. गो आणि रस्ट म्हणतात २१. स्विफ्ट म्हणते ४. एक्सेलचं उत्तर ७. मायएसक्यूएलमधलं एक फंक्शन २१ सांगतं आणि त्याचाच सख्खा भाऊ ७.

यातलं एकही उत्तर चूक नाही. म्हणून तर प्रोग्रामर लोक यावर विनोद करतात. बाहेरच्या माणसाला ते विनोद कळत नाहीत, कारण त्याच्या लेखी लांबी ही मोजायची गोष्ट असते, वाद घालायची नव्हे. पण धाराशिव जिल्ह्यात बसून हा विषय बघितला तर विनोद आपोआप कळू लागतो. एका जिल्ह्याचं नाव बदललं म्हणजे किती ठिकाणी काय काय बदलावं लागतं, हे इथल्या लोकांनी फॉर्म भरता भरता शिकून घेतलंय.

आधी त्या तीन आकड्यांचं बघू. २१ हे बाइट आहेत. आज सर्वत्र वापरात असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. ७ ही चिन्हांची संख्या: ध, काना, र, काना, श, पहिली वेलांटी, व. आणि ४ म्हणजे माणसाला दिसतात ती अक्षरं. काना आणि वेलांटी ही संगणकाच्या हिशेबी स्वतंत्र चिन्हं आहेत. शिवाय वेलांटी डोळ्यांना 'श'च्या आधी दिसते, पण साठवली जाते 'श'नंतर. उच्चाराचा क्रम आहे तोच साठवणुकीचा.

हा निर्णय आकाशातून पडलेला नाही. त्याची मुळं आपल्याच देशात आहेत. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणायचं काम झालं, पुढे पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकनं ते वाढवलं, आणि १९९१मध्ये 'इस्की' हे भारतीय मानक आलं. त्याच वर्षी सगळ्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या जागतिक मानकाची पहिली आवृत्ती निघाली. तिनं देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरून घेतली आणि देवनागरीला १२८ जागा दिल्या. बाराखडीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक जोडाक्षर वेगळं नोंदवायचं ठरवलं असतं तर हजारो जागा लागल्या असत्या. म्हणून सुटे भाग ठेवले आणि जोडणीचं काम फॉन्टवर सोपवलं. माझ्या मते हा शहाणपणाचा सौदा होता. फक्त 'लांबी' या शब्दाची त्यात वाट लागली.

आता जुनं नाव घेऊ. 'उस्मानाबाद'मध्ये चिन्हं १०, बाइट ३०. अक्षरं आपल्या हिशेबानं पाच: उ, स्मा, ना, बा, द. पण संगणकाला ही पाच बरीच वर्षं सहा वाटत होती. 'स्'चा पाय मोडला की तिथे अक्षर संपलं, अशी युनिकोडच्या अक्षर तोडण्याच्या नियमाची समजूत होती. जोडाक्षर म्हणजे एक अक्षर हा नियम देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी आला तो युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत. ती प्रसिद्ध झाली १२ सप्टेंबर २०२३ रोजी. आणि उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव धाराशिव केल्याची राज्य सरकारची अधिसूचना निघाली १५ सप्टेंबर २०२३ रोजी. म्हणजे संगणकाला 'उस्मानाबाद' नीट मोजता येऊ लागलं त्यानंतर तिसऱ्या दिवशी ते नाव जिल्ह्याच्या कागदावरून गेलं. यात कुणाचाही हात नाही, निव्वळ योगायोग आहे. पण प्रोग्रामरच्या टेबलावर चहाबरोबर हा किस्सा सांगून बघा.

नामांतराचा प्रवास वाचकांना ठाऊक आहे. जून आणि जुलै २०२२मधले दोन मंत्रिमंडळांचे ठराव, फेब्रुवारी २०२३मधली केंद्राची मंजुरी, मग अधिसूचना, आणि मे २०२४मध्ये उच्च न्यायालयानं फेटाळलेलं आव्हान. त्या वादात मी पडत नाही. मला रस आहे तो रकान्यांत.

रोमन लिपीत उस्मानाबाद लिहिलं तर नऊ अक्षरं होतात. धाराशिव लिहिलं तरी नऊच. इंग्रजीतल्या एकाही फॉर्मचा रकाना यामुळे कमी पडला नसणार. औरंगाबादचं तसं नाही. तिथे दहा अक्षरांचं नाव मधल्या जागेसह पंचवीसचं झालं. कुठल्याशा जुन्या प्रणालीत रकाना वीसचा असेल तर विसाव्या घरात गाडी थांबते आणि शिल्लक राहतं 'छत्रपती संभाजी'. नगर गायब. पत्त्याच्या जागी राजे उभे. आता हाच वीसचा रकाना बाइटमध्ये मोजणारा असेल आणि नाव देवनागरीत असेल तर धाराशिवचीही सुटका नाही. २१ बाइटांतले २० मावले, एक बाहेर. 'व'चा तिसरा बाइट कापला जातो, उरलेल्या दोनांना अर्थ राहत नाही आणि पडद्यावर येतं 'धाराशि', पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. एका बाइटनं 'व' गेला. प्रोग्रामरांच्या जगात 'एकाने चुकणे' हा विनोदाचा स्वतंत्र प्रांतच आहे.

त्या प्रांतातला एक जुना विनोद असा: संगणकशास्त्रात अवघड गोष्टी दोनच, जुनी साठवण वेळेवर पुसणं, गोष्टींना नावं देणं आणि एकाने चुकणं. पहिल्या दोन गोष्टींचं श्रेय फिल कार्लटन या अमेरिकन प्रोग्रामरला देतात. तिसरी नंतर कुणीतरी चिकटवली. धाराशिवला यातल्या पहिल्या दोन्ही लागू पडतात.

रेल्वेचं उदाहरण घ्या. बार्शी लाईटची अडीच फुटी नॅरोगेज उखडून ब्रॉडगेज टाकताना २००७-०८च्या सुमारास मार्ग वळवला आणि रेल्वे शहरात आली. स्टेशनचं नाव उस्मानाबाद. रेल्वेच्या स्पेलिंगमध्ये ते 'यू'पासून सुरू होई, म्हणून संकेताक्षरं यूएमडी. जिल्ह्याचं नाव बदललं तरी स्टेशन जुन्याच नावानं चालू होतं. मध्य रेल्वेनं ते बदललं जून २०२५च्या पहिल्या दिवशी, आणि त्यासाठी ३१ मेच्या रात्री पावणेबारापासून दीड वाजेपर्यंत आरक्षण प्रणाली बंद ठेवली. नवी संकेताक्षरं डीआरएसव्ही. माझं मत विचाराल तर नाव बदलायला हरकत नव्हती, संकेताक्षरांना हात लावायची गरज नव्हती. संकेत हा माणसांसाठी नसतोच. मद्रासचं चेन्नई होऊन किती वर्षं लोटली, तिथल्या सेंट्रल स्टेशनची संकेताक्षरं अजून एमएएसच आहेत. मुंबई विमानतळाचं बीओएम तसंच आहे. कुणाचं काही अडलं नाही.

नाव बदललं की रांगेतली जागाही बदलते. जिल्ह्यांच्या यादीत उस्मानाबाद इंग्रजीत नाशिक आणि पालघरच्या मधोमध असायचं. धाराशिव आता धुळ्याला खेटून उभं आहे, मराठी यादीत आणि इंग्रजी यादीतही. फोनच्या छोट्या पडद्यावर अंगठा किंचित खाली गेला की बालाघाटातला माणूस थेट खानदेशात. याला चूक म्हणावं की प्रवास?

जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावं या दृष्टीनं वाचनीय आहेत. वाशी हा धाराशिवचा तालुका, आणि वाशी म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे येतो तो खाडीपूल. कळंब इथेही तालुका आहे, यवतमाळमध्येही. उमरग्याची इंग्रजीत दोन स्पेलिंगं चालतात, परंड्याची त्याहून जास्त. नाव हीच ओळख धरून ज्यानं कोष्टक बांधलं त्याचा इथे निकाल लागणार. म्हणून पंचायत राज मंत्रालयाच्या निर्देशिकेत प्रत्येक गावाला स्वतंत्र क्रमांक असतो आणि २०११च्या जनगणनेत या जिल्ह्याचा क्रमांक ५२५ आहे.

नावावरून गाव ओळखणं किती अवघड असतं, याचा याच जिल्ह्यातला दाखला जवळपास दोन हजार वर्षांचा आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाची मोठी बाजारपेठ असल्याची नोंद आहे. गाव सांगितलं, क्रमांक नाही. एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी ते तगर देवगिरीला नेलं, जुन्नरला नेलं, कोल्हापूरलाही नेलं. अखेर १९०१मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी ते तेर असल्याचं दाखवलं. धाराशिव तालुक्यातलं हे तेर.

तेर म्हटलं की गोरोबाकाका आलेच, आणि ते या लेखात विषयाला सोडून येत नाहीत. संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं कच्चं ते सांगणारा हा कुंभार म्हणजे सॉफ्टवेअर कंपन्यांतला टेस्टर. नामदेव कच्चे निघाले, रागावले आणि मग विसोबा खेचरांकडे गेले. टेस्टरवर रागावायची परंपरा तेव्हापासूनची. पण त्याहून कामाची गोष्ट आहे ती अभंगाची. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. ती मोजताना काना-मात्रा वेगळ्या धरत नाहीत आणि जोडाक्षर एकच धरतात. म्हणजे युनिकोडनं २०२३मध्ये जो नियम लिहिला तो कीर्तनाला बसणाऱ्यांना तोंडपाठ होता. अभंग मोजायला पायथन घेतलं तर सहाच्या चरणात दहा-बारा अक्षरं निघतील आणि तुकोबांसकट सगळे नापास होतील.

नोकरीच्या मुलाखतीतला घासून गुळगुळीत झालेला प्रश्न आहे: शब्द उलटा करून दाखवा. धाराशिवचं तेरणा अभियांत्रिकी किंवा तुळजापूरचं तुळजाभवानी अभियांत्रिकी, कुठूनही पास होऊन हिंजवडीला गेलेल्या मुलाला तो एकदा तरी भेटतो. आता त्यानं आपल्या गावाचं नाव देवनागरीत उलटं करून बघावं. सरळ सात चिन्हं उलटी केली तर 'विशाराध' येतं. अक्षरं उलटी केली तर 'वशिराधा'. पहिलं चूक आहे, पण नेमकं तेच शब्दासारखं वाटतं, मोठ्या घरचं आडनाव असावं असं. 'उस्मानाबाद'चं मात्र 'दाबानाम्सउ' होतं आणि चूक लपत नाही. लहानपणापासूनचं 'रामाला भाला मारा' उलटसुलट सारखंच आहे हे आपण शपथेवर सांगू. साध्या प्रोग्रामनं तपासलं तर ते फेल होतं, कारण उलटं वाचताना पहिलाच येतो काना, आणि काना आधी घेऊन जगात कोणताच शब्द सुरू होत नाही. 'चिमा काय कामाची' तर अक्षरं धरूनही फेल. एक वेलांटी ऱ्हस्व, एक दीर्घ. आपण इतकी वर्षं ते चालवून घेतलं.

लांबीबद्दल एवढं पुरे. दुसरा विषय संदिग्धतेचा, आणि त्याचा जुना विनोद बायको-नवऱ्याचा आहे. बायको म्हणते, भूमहून येताना एक किलो खवा आणा आणि पेढे ताजे असतील तर दोन आणा. नवरा प्रोग्रामर. दोन किलो खवा घेऊन येतो. का, तर पेढे ताजे होते. मूळ विनोद दूध आणि अंड्यांचा आहे, पण भूमचा खवा असताना अंड्यांवर वेळ का घालवायचा?

यापेक्षा गंभीर गोष्ट 'नाहीतर' या शब्दाची. अल्गोल ६० या भाषेच्या काळापासून प्रोग्रामिंगच्या पुस्तकांत लोंबकळत्या 'नाहीतर'चा प्रश्न शिकवला जातो. सोयाबीनच्या दिवसांत शेतमालक सालगड्याला सांगतो: पाऊस उघडला तर, मशीन मिळाली तर रास करा, नाहीतर ताडपत्री टाका. सालगडी काय करेल? पाऊस चालू असला तरी झाकेल, उघडूनही मशीन मिळाली नाही तरी झाकेल. हेच वाक्य सी भाषेत गेलं तर तिचा नियम असा की 'नाहीतर' सर्वांत जवळच्या 'जर'ला चिकटतं. म्हणजे ताडपत्री पडणार ती पाऊस उघडला आणि मशीन मिळाली नाही तरच. पाऊस धो धो पडत असेल तर त्या प्रोग्रामला कोणताच हुकूम नाही. गंजी भिजते, प्रोग्राम यशस्वीपणे पूर्ण होतो. संदिग्ध कोडवर हसणारी मंडळी याच गोष्टीला हसत असतात, फक्त त्यांच्याकडे सोयाबीन नसतं.

मराठीनंही संगणकाला दिलेली कोडी कमी नाहीत. 'दुसऱ्या' हा शब्द तीन प्रकारे साठवता येतो. एकात खास मराठीसाठीचा 'ऱ', चिन्हं सात. दुसऱ्यात साधा 'र', पाय मोडून आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह, चिन्हं आठ. तिसऱ्यात 'र'खाली नुक्ता, पुन्हा आठ. छापल्यावर तिन्ही सारखेच. पहिला आणि तिसरा एकच, असं युनिकोडला मान्य आहे. दुसरा मात्र त्याला परका. जुन्या फाइलींत हा दुसरा प्रकार भरपूर आहे, त्यामुळे दिसणारा शब्द शोधूनही सापडत नाही. तसंच 'ॲप'चं. 'ॲ' स्वतंत्र चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये आलं २००८मध्ये. त्याआधी 'अ'वर चंद्र ठेवून भागवत. दोन्ही आजही फिरतात, एकाची लांबी दोन, दुसऱ्याची तीन. आणि 'दुःख'! अनेक टंकलेखक त्यात विसर्गाऐवजी अपूर्णविराम घालतात. लांबी दोन्हीकडे चार, दिसायला सारखंच, पण शोधायला गेलं की संगणकाला दुःख सापडत नाही. उलट चूक पायथनमध्ये झाली, अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग पडला, तर प्रोग्राम अडतो आणि चूक डोळ्यांना दिसत नाही.

मराठीतला संदिग्धतेचा महापुरुष अर्थात 'ध चा मा'. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणरावांचा खून. 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईंनी केलं की ही गोष्ट मागाहून रचली, यावर इतिहासकारांत एकमत नाही. पण तपासणीच्या दृष्टीनं ती फार नामी आहे. अक्षरं मोजली तर धरावे तीन, मारावे तीन. कुणाला शंका येणार नाही. चिन्हं मोजली तर पाच आणि सहा. 'ध' एकटा होता, 'मा'बरोबर काना आला. म्हणजे लांबी तपासणारा एखादा कारकून वाड्यात असता आणि तो पायथनच्या पद्धतीनं मोजत असता, तर हुकूम तिथेच अडकला असता. असे हुकूम ज्या लिपीत लिहिले जात ती मोडी २०१४मध्ये युनिकोडमध्ये आली. तिच्यातल्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात आणि जावास्क्रिप्ट त्याला दोन मोजते. मोडीतल्या धाराशिवची लांबी जावास्क्रिप्टमध्ये १४. मायएसक्यूएलमध्ये तर 'यूटीएफ-८' असं नाव असलेला जुना प्रकार तीनच बाइट घेतो. त्यात मोडी मावतच नाही. नाव देणं अवघड, ते असं.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण प्रत्येक वेळी नाही. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. मराठीत ७०, आणि त्या सत्तरात काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. 'शेतकरी' लिहिलं की चार अक्षरांचे सहा गेले. सत्तरच्या पुढे गेलं की संदेश तुटतो आणि प्रत्येक तुकड्यात ६७च मावतात. त्यामुळे हवामानाचा किंवा पीकविम्याचा संदेश मराठीत पाठवणाऱ्याला तो इंग्रजीपेक्षा महाग पडतो, आणि खर्च वाचवायचा तर पहिला बळी मराठीचा. फेब्रुवारी २०१८मध्ये तेलुगूतल्या 'ज्ञा' या एका जोडाक्षरानं आयफोन बंद पडत होते. ॲपलला १९ फेब्रुवारीला त्यासाठी खास दुरुस्ती काढावी लागली. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला जोडाक्षर पडद्यावर मांडता आलं नाही. तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी सेवा केंद्रात बसलेल्या पोराला बोल लावण्यात अर्थ नाही. अडचण आली ती फॉर्म बांधणाऱ्यानं इंग्रजीच्या मापानं टेप धरली म्हणून.

नाव बदलून झालं असलं तरी सगळीकडे पोचलेलं नाही. २०२४ची लोकसभा निवडणूक झाली ती ४० क्रमांकाच्या 'उस्मानाबाद' मतदारसंघात, कारण मतदारसंघांची नावं परिसीमनाच्या आदेशातून येतात, जिल्ह्याच्या अधिसूचनेतून नव्हे. गाड्यांवर एमएच-२५ आहे तसंच आहे. पिनकोड ४१३५०१ आहे तसाच आहे.

म्हणून या जिल्ह्यातून संगणक शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींना एक विनंती. उद्या एखाद्या सरकारी किंवा बँकेच्या फॉर्मचा रकाना तुमच्या हाताखालून जाईल. तो पुढे सोडण्याआधी त्यात पाच गोष्टी टाकून बघा: धाराशिव, उस्मानाबाद, छत्रपती संभाजीनगर, तिन्ही प्रकारचं 'दुसऱ्या' आणि दोन्ही प्रकारचं 'दुःख'. सगळं मावलं, सगळं सापडलं आणि जिल्हा निवडताना धुळे लागलं नाही, तरच फॉर्म लोकांपुढे ठेवा.